मदत हवी आहे: चार देशांतल्या मुलांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन एकत्र कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

मुलांच्या चयापचयावर चार देशांतले गट मिळून एक अभ्यास करतोय. वयोगट 6 ते 15. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) अशी नेहमीची मोजमापं आहेत. डेटा जुळवायचं काम माझ्याकडे आहे. सॅम्पल घेऊन झालेत, तेव्हा 'सगळ्यांनी एकच किट वापरायला हवं होतं' हा सल्ला कृपया नको.

साखर आणि चरबीचं अडत नाही. मिलिमोलमधल्या साखरेला 18 ने गुणलं, कोलेस्टेरॉलला 38.67 ने आणि ट्रायग्लिसराइडला 88.57 ने, की सगळं मिलिग्रॅममध्ये येतं.

घोडं पेंड खातंय ते इन्सुलिनपाशी. दोन गटांचे आकडे मायक्रोयुनिटमध्ये, दोघांचे पिकोमोलमध्ये. पिकोमोलवाल्यांपैकी एक म्हणतो 6 ने भागा, दुसरा म्हणतो 6.945 ने. दोन्ही गुणक छापील लेखांत सापडतात. समजा एका मुलाची साखर 90 आणि इन्सुलिन 72 पिकोमोल आहे. साखर गुणिले इन्सुलिन भागिले 405 या सूत्राने त्याचा होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती कमी दाद देतं याचा अंदाज) पहिल्या गुणकाने 2.67 येतो, दुसऱ्याने 2.30. कटऑफ 2.5 धरला तर तेच मूल एका हिशेबात इन्सुलिन रेझिस्टंट आणि दुसऱ्यात ठणठणीत!

दुसरी अडचण वयात येण्याची. त्या काळात शरीर इन्सुलिनला मुळातच कमी दाद देतं. टॅनरच्या (वयात येण्याचे शारीरिक बदल पाच टप्प्यांत मांडणारी पद्धत) तिसऱ्या टप्प्याच्या आसपास हे सर्वात जास्त असतं, पुढे ओसरतं. आमच्याकडे दोनच गटांनी टॅनर टप्पा नोंदवलाय, बाकीच्यांकडे फक्त जन्मतारीख.

एका भागीदाराला सरळ 'मेटाबॉलिक सिंड्रोम (कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी यांतले बिघाड एकत्र असणं) आहे / नाही' असे दोन गट करायचे आहेत. मला ते पटत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची 2007 ची व्याख्या 10 वर्षांखालच्या मुलांना हे निदान लावतच नाही, म्हणजे आमची बरीच मुलं तिथेच बाद. शिवाय 149 ट्रायग्लिसराइडवालं मूल या बाजूला आणि 150 वालं त्या बाजूला, यातून काय कळणार? मला झी-स्कोअर (मूल सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर आहे तो आकडा) वापरायचेत, पण ते कोणत्या आधारावर काढायचे?

कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद 1

लॅबमध्ये आहे, म्हणून फक्त इन्सुलिनबद्दल लिहितो. 6 आणि 6.945 चा वाद घालत बसण्याआधी त्या दोन लॅबना विचारा की त्यांच्या यंत्राने मूळ आकडा कशात दिला होता. पुष्कळ किट मायक्रोयुनिटमध्येच कॅलिब्रेट केलेली असतात, पिकोमोल नंतर सॉफ्टवेअर करतं. ज्या गुणकाने गुणलंय त्यानेच भागून मूळ आकड्यावर परत या. किटच्या माहितीपत्रकात तो गुणक असतो. पुढे अहवालात पिकोमोल द्यायचेच असतील तर सगळ्यांना 6 लावा.

पण याने फक्त एकक जुळेल, किट जुळणार नाहीत. जुन्या पद्धतींत प्रोइन्सुलिनही (इन्सुलिन तयार होण्याआधीचं रूप) इन्सुलिन म्हणून मोजलं जायचं, नव्या किटमध्ये ते फारसं येत नाही. यावर उपाय एकच: प्रत्येक गटाचे साठवलेले काही सॅम्पल, कमी ते जास्त अशी सगळी पातळी येईल असे निवडून, एकाच लॅबमध्ये पुन्हा तपासा आणि त्यावरून रूपांतराचं समीकरण बसवा. त्यासाठी साधं रिग्रेशन नको, डेमिंग किंवा पासिंग-बाब्लोक या रिग्रेशनच्या पद्धती घ्या, कारण चूक दोन्ही बाजूंच्या मोजमापात असते.

हिमोलाइझ झालेले (लाल पेशी फुटलेले) सॅम्पल वेगळे काढा. लाल पेशींतलं एंझाइम इन्सुलिन फोडतं, आकडा खोटा कमी येतो. साखरेचं अडत नाही म्हणता, पण रक्त काढल्यापासून सेंट्रीफ्यूजपर्यंत किती वेळ गेला ते विचारलंत का? तसंच ठेवलेल्या रक्तात साखर तासाला 5 ते 7 टक्के उतरते. फ्लोराइडची नळी असली तरी पहिला तास-दीड तास ती फारशी आवर घालत नाही.

प्रतिसाद 2

झी-स्कोअरचं तुमचं बरोबर आहे, पण एक सापळा आहे. प्रत्येक गटाने आपापल्या सरासरीवरून झी-स्कोअर काढले तर प्रत्येक देशाची सरासरी शून्यच येईल आणि देशांमधला खरा फरक पुसला जाईल. वय आणि लिंगानुसार एकच सामाईक संदर्भ ठेवा. आय-थ्री-सी या सात कोहोर्टच्या (वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या लोकांच्या गटांच्या) संघाने 2022 मध्ये 38,589 जणांचं बालपणापासूनचं विश्लेषण केलं, तेही झी-स्कोअरवरच. टॅनर नसलेल्या गटांसाठी मुख्य विश्लेषण वयावर करा आणि टॅनर असलेल्या दोन गटांत तेच पुन्हा करून निष्कर्ष टिकतो का बघा. टॅनरचा अंदाज बांधून रकाना भरू नका.

डेटा देशाबाहेर न्यायची परवानगी नसेल तर डेटाशील्ड हे सॉफ्टवेअर बघा. त्यात माहिती जिथल्या तिथे राहते, बाहेर फक्त एकत्रित आकडे येतात.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, वेळेची नोंद आजच मागवतो. पण पुन्हा तपासणीत एक पेच आहे: एका गटाच्या पालकांनी दिलेल्या संमतीत सॅम्पल परदेशी पाठवायचा उल्लेखच नाही.

प्रतिसाद 1

मग मुलांचे सॅम्पल हलवूच नका. उलट करा. एका लॅबने योग्य संमती घेतलेल्या प्रौढांच्या सीरमचा एक संच बनवून, गोठवून चारही ठिकाणी पाठवायचा आणि प्रत्येकाने तो आपल्या किटवर चालवायचा. फक्त ते किट आणि यंत्र अजून त्या लॅबमध्ये वापरात आहे ना, हे आधी विचारा.