म्हातारं मांजर अचानक आजारी पडलं तेव्हा... (तुमचे अनुभव लिहा)

रामबागेतली
काल रात्री लाईट गेली, मोबाईलचा टॉर्च लावला तर समोरच्या जिन्यावरच्या बोक्याचे डोळे लखकन चमकले आणि मला आमची चिंगी आठवली. झोपच उडाली, म्हणून लिहितेय.

चिंगी पंधरा वर्षांची होती. जूनमधली दुपार, अंगणात ऊन, आणि ही बया सरळ जाऊन तुळशीवृंदावनाला धडकली. आधी वाटलं माशीमागे लागली असेल. मग पाण्याच्या वाटीत पाय घातला. उचलून बघितलं तर डोळ्यांत नुसत्या काळ्या बाहुल्या, हिरवा रंग दिसेचना, आणि एवढ्या उन्हातही त्या बारीक होत नव्हत्या. आई म्हणाली मोतीबिंदू असेल. अगं पण सकाळी खिडकीवर उडी मारून बसलेली मांजर, दुपारी मोतीबिंदू?

डॉक्टरांनी आधी काय केलं असेल तर बीपी घेतलं! पुढच्या पायाला इवलासा पट्टा, मशीनमधून फुसफुस आवाज. वरचा आकडा २०० च्या पुढे. मांजराचं १६० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं, १८० च्या वर डोळे, मेंदू, किडनी, हृदय सगळंच धोक्यात. तिचा रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, मागून सुटला होता. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूळ दुखणं किडनीचं, आणि म्हाताऱ्या मांजरांत हे दोन्ही बरेचदा जोडीनेच येतं म्हणाले. अम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू केली. बीपी पटकन उतरलं तर काहींना थोडंफार दिसायला लागतं. चिंगीला नाही लागलं.

पण पुढे चांगली जगली हो. मिशांनी अख्खं घर पाठ केलं तिने. आम्ही दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा सोफा हलवला नाही, पाहुण्याने खुर्ची सरकवली की बाबा "जागेवर ठेवा, जागेवर" म्हणून ओरडायचे, माणसं घाबरायची.

तुमच्याकडे काय झालं होतं, काय दिसलं, काय केलं ते लिहा. कुणाच्या तरी कामी येईल.

सुदामानगर_२
अम्लोडिपिन!! आमचे सासरे आणि आमची मनी, दोघांना तीच गोळी. तिला चतकोर, त्यांना अख्खी. एकदा सासरे म्हणाले आज गोळी लहान का दिली. तेव्हापासून डबे वेगळे.

पोहेजिलेबी
😂😂 मग मनीने अख्खी खाल्ली का?

सुदामानगर_२
नाही हो, ती चतकोरच थुंकते, अख्खी कुठली खातेय

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. आमचा बोका दहा-अकराचा. सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, ओरडायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या बद्धकोष्ठ आहे, एरंडेल द्या. बायकोने पोटाला हात लावला तर मोसंबीएवढं कडक काहीतरी. ती लघवीने तट्ट फुगलेली पिशवी होती. नर मांजराची नळी अरुंद असते, खडे किंवा चिकट बुळबुळीत गोळा अडकला की संपलं, रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबतं, एक-दोन दिवसांत जीव जातो. भूल देऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी) घातला, वाचला. नर असेल आणि थेंबही पडत नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका, एवढंच सांगतो. आता ऑफिसला उशीर होतोय.

जुनी_इंदूरकर
आमचीचं उलटं झालं. तेराव्या वर्षी एकदम तरणी झाली! पडद्यावर चढायची, डब्बल खायची, रात्री तीन वाजता बोंबलायची. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो काय तब्येत आहे बघा. आणि वजन मात्र कमी कमी. मी सुट्टीवरून वापस आली तर पाठीचा कणा हाताला लागत होता. थायरॉईड निघालं, रक्तात टी-फोर हे थायरॉईडचं हार्मोन वाढलेलं. गोळ्यांनी शांत झाली, पण थायरॉईड आटोक्यात आल्यावर मग किडनीचं दुखणं वर आलं, ते आधी झाकलं गेलं होतं म्हणे. म्हातारं मांजर जास्त खाऊन बारीक होत असेल तर कौतुक करू नका, रक्त तपासा.

बडोद्याची_बकू
गोळी द्यायची युक्ती सांगा ना प्लीज. आमचा ढोकळा (हो तेच नाव आहे, पिवळा आहे) चक्क्यात लपवली तरी चक्का चाटून गोळी बाजूला काढून ठेवतो

सुदामानगर_२
मऊ पनीरच्या गोळीत. आधी दोन रिकाम्या द्यायच्या, तिसरीत गोळी, चौथी लगेच नाकासमोर दाखवायची. आणि नंतर सिरिंजने थोडं पाणी पाजाच, विशेषतः डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी असेल तर. ती कोरडी गेली तर अन्ननलिकेत अडकून जखम करते.

बडोद्याची_बकू
थँक्यू ताई!! आमच्या सासूबाई म्हणतात दुधात विरघळवून दे. दूध पाजलं की याला जुलाब होतात ते कोण साफ करणार

अण्णा_नारायणबाग
दूध मांजराचं खाणं आहे ही समजूत जायलाच हवी. बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही.

नि:शब्द_नाही
आमच्या गोट्याचे मागचे दोन्ही पाय एका मिनिटात गेले. किंचाळला, पुढच्या पायांवर ओढत पलंगाखाली गेला. मागचे पंजे गार, गाद्या निळसर. हृदयात झालेली गुठळी पोटातून खाली येऊन पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे अडकली होती. हृदयाचा आजार आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आदल्या दिवशी उड्या मारत होता. वेदना फार होत्या. सोडवलं त्याला. इतकंच लिहिते.

रामबागेतली
❤️ काही बोलत नाही.

पोहेजिलेबी
ताई, वाईट वाटलं खूप.

अण्णा_नारायणबाग
एक लिहून ठेवतो. माणसांची क्रोसिन, पॅरासिटामॉल मांजराला अर्धीसुद्धा द्यायची नाही. ते औषध निकामी करायची ताकद त्यांच्या लिव्हरमध्ये नसते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो, मरतात. ताप आलाय म्हणून प्रेमाने देतात लोक. आणि झोपेतला श्वास मोजायची सवय ठेवा, मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल तर दाखवा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजत बसू नका, रिक्षा बोलवा.

विजयनगरवाली
इंदुरात रात्री कुठे न्यायचं पण? माझी रात्रीच आजारी पडते नेहमी

जुनी_इंदूरकर
आपापल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेव रात्री फोन उचलतात का. दिवसा महूचं व्हेटर्नरी कॉलेज आहेच, १९५५ पासूनचं आहे ते.

पोहेजिलेबी
भिया महू नाही, डॉ. आंबेडकर नगर

जुनी_इंदूरकर
२००३ मध्ये बदललं नाव, माहितीये. आमच्या घरात अजून महूच म्हणतात. तू रामबागेतल्या देशी तुपाच्या दुकानाजवळचा ना? तुझी आई बरी आहे का?

पोहेजिलेबी
हो हो, गुडघा ठीक आहे आता. सांगतो तुम्ही विचारलं म्हणून

लष्करवाला
लंच ब्रेक. आमचा बोका ठीक आहे, विचारणाऱ्यांना सांगतो 🙂 आता ओलं खाणं आणि पाणी जास्त. कुलरच्या थेंबाखाली तोंड धरून पितो, वाटीतलं चालत नाही साहेबांना.

आणि हो, आईच्या मांजरीला किडनीचं आहे, तिला कातडीखाली सलाईन घरीच देतो. मानेमागची कातडी चिमटीत धरून. सुरुवातीला माझा हात थरथरायचा, मांजर मात्र गप्प. खांद्यावर पाण्याचा फुगा येतो, नंतर हळूहळू खाली पायाकडे उतरतो, बघून घाबरायचं नाही. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सलाईनची बाटली खिडकीजवळ ठेवायची नाही, गरम होते.

विजयनगरवाली
खाणं सोडलं तर किती वेळ थांबायचं?

अण्णा_नारायणबाग
एक दिवस पूर्ण काही खाल्लं नाही तर फोन करा. उपाशी मांजराची चरबी लिव्हरमध्ये साठते आणि मूळ आजार बाजूला राहून लिव्हरचंच दुखणं सुरू होतं. जाड मांजराला धोका जास्त. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर तेवढं काही होत नाही, मांजराचं तसं नाही.

बडोद्याची_बकू
ढोकळा जाड आहे 🙈 पण उपाशी राहायचा प्रश्नच नाही. काल गाठिया चोरला

सुदामानगर_२
आमच्याकडे शेव. लवंगवाली. खाऊन शिंकते आणि परत खाते

अण्णा_नारायणबाग
बीपीवाल्या मांजराला शेव????

सुदामानगर_२
देत नाही हो काका, चोरते. सासरे तिच्यासमोर ताट ठेवून बातम्या बघतात

विजयनगरवाली
गणपतीत आम्ही चार दिवस उज्जैनला. पलासियाच्या बाजूला मांजर सांभाळणारं कोणी आहे का? बारा वर्षांची आहे, औषध काही नाही, नखरे आहेत.

जुनी_इंदूरकर
मेसेज कर. पण माझ्याकडे पोपट आहे, बोलतो.