नुकता कोणता सिनेमा पाहिलात? कुठं बसून? कोणाबरोबर?

दिवाळीत घरी पाहुणे होते. जेवणं झाली की विषय एकच, हा बघितला का, तो बघितला का. एकाच सिनेमाला आमच्या मेव्हण्यानं दहापैकी नऊ दिले आणि बहिणीनं चार. दोघांची चांगली जुंपली. मग खोदून विचारल्यावर कळलं की मेव्हण्यानं तो मित्रांबरोबर थिएटरात पाहिला होता आणि बहिणीनं घरी, कणीक मळत, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

म्हणून हा धागा. दोनच नियम. शेवट फोडायचा नाही आणि गुणांबरोबर जागा आणि सोबत सांगायची. समीक्षा नको, ती पेपरात येते.

सुरुवात मी करतो. 'दशावतार', थिएटरात, बायको आणि सासूबाईंबरोबर. सासूबाई सावंतवाडीकडच्या, सोलापुरात येऊन चाळीस वर्षं झाली. पडद्यावर ते हिरवंगार रान आलं आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही इथला उन्हाळा मीच आणून ठेवलाय. प्रभावळकर वयाच्या 81व्या वर्षी हे करतात! डोळे दगा देतायत पण रंगमंच सुटत नाही, असा बाबुली मेस्त्री त्यांनी उभा केलाय. उत्तरार्धात सिनेमा दुसरीच गाडी पकडतो, तिथं मी मधल्याच स्टेशनला उतरलो. माझे 7, बायकोचे 8. सासूबाई अख्खा सिनेमाभर कलाकारांची मालवणी दुरुस्त करत होत्या. गुण विचारले तर म्हणाल्या, "गुण कसले देतोस, एकदा गावी घेऊन चल."

*

अक्कलकोट रोड, पूर्व भाग

आपण टॉवेलच्या कारखान्यात. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू-मराठी-हिंदी सगळं एकत्र. 'पुष्पा 2' 2024च्या डिसेंबरात लागला तेव्हा तेलुगूतनं बघायला गेल्तो, आमच्या गल्लीतले अकरा जण. तीन तास वीस मिनिटांचा पिक्चर, पण बसायला मिळालं कितीसं? अल्लू अर्जुन साडी नेसून, अंगाला निळा रंग फासून जत्रेत येतो तिथं आमची पूर्ण रांग खुर्चीवर उभी. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर 10 दिले असते.

मागच्या आठवड्यात तोच हिंदीत मोबाईलवर बघितला, रात्रपाळीला, माग चालू असताना. श्रेयस तळपदेचा आवाज आहे, भारी बोललाय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मागांच्या खडखडाटात डायलॉग ऐकूच येईना, आणि डायलॉग काढला की स्टोरीत काय उरतं ते दिसायला लागतं. बरेच सीन नुसते चालायलेत, चालायलेत. आता 6.

आजी म्हणते मी 10च देणार. तिला अल्लू अर्जुन म्हणजे घरातलाच पोरगा वाटतो. नात्यातल्या एका मुलीसाठी त्याचं स्थळ बघा म्हणाली होती, त्याचं लग्न झालंय सांगितल्यावर दोन दिवस नाराज होती.

*

अक्कलकोट

'कांतारा चॅप्टर 1'. घरी कन्नड बोलतो त्यामुळं कन्नडच. मोठा, देखणा, दमवणारा. पहिल्या 'कांतारा'त गाव होतं, याच्यात राजवाडे जास्त आहेत. 6.5. एकटा गेलो होतो, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस झोपला होता. त्याचे गुण माहीत नाहीत.

*

पुण्याला शिकते, घर विजापूर रोडला

मी 'लापता लेडीज' आत्ता पाहिला. हो, आत्ता, 2024चा सिनेमा. हसू नका. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये, डाउनलोड करून, एकच इअरफोन दोघींत. दुसरी म्हणजे शेजारच्या सीटवरच्या काकू. ओळख ना पाळख. माझ्या खांद्यावरून बघत होत्या, कुर्डुवाडीच्या अलीकडं त्यांची मान अवघडलेली दिसली तेव्हा मीच एक बोंड त्यांच्या हातात दिलं.

आता गंमत बघा. घुंगट घेतलेल्या दोन नव्या नवऱ्या रेल्वेत बदलतात, आणि आम्हीपण रेल्वेत. काकूंनी पदर सावरला, वर ठेवलेली स्वतःची बॅग आहे का ते बघितलं आणि मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात मी ह्यांचे फक्त बूट बघितलते. दुसऱ्या कुणाचे तसलेच बूट असते तर मीपण गेले असते की." पुढं हसत नव्हत्या. रवी किशनचा पान खाणारा फौजदार त्यांना अजिबात आवडला नाही, मला सगळ्यात जास्त तोच आवडला.

दौंड यायच्या आत सिनेमा संपला. काकूंनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. गुण 9, त्यातला अर्धा चटणीचा. काकूंचं नाव विचारायचं राहिलं.

*

नवी पेठ, निवृत्त शिक्षक

जुना चालेल ना? परवा नातवाला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' दाखवला, 1946चा. निमित्त असं की भैय्या चौकातल्या डॉ. कोटणिसांच्या स्मारकात त्याला नेलं होतं. तिथून बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "आजोबा, हे आपल्या सोलापूरचे, तर चीनला कशाला गेले?" उत्तर मोठं होतं, म्हटलं चल, सिनेमा काढणाऱ्या व्ही. शांतारामबापूंनाच विचारू.

बापूंनी कोटणिसांची भूमिका स्वतःच केली आहे, आणि जयश्रीबाई झाल्या आहेत चिनी परिचारिका. नातू दहाव्या मिनिटाला म्हणाला, "ही चिनी नाहीये." खरं आहे, रंगभूषेलाही मर्यादा असतात. गाणी सुरू झाली की तो फोनकडं वळे. पण उपचारांच्या प्रसंगांना मात्र गप्प बसला होता. डॉक्टर 1942च्या डिसेंबरात गेले, वय 32. हे सांगितल्यावर त्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे बाबांपेक्षा लहान."

मुलांना कृष्णधवल चित्रपट आवडत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी शेजारी बसून दाखवून बघावा. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तर तेही उठणारच. मी 8 देतो. नातवानं 5 दिले, गाणी कमी असती तर 7 दिले असते म्हणे.

*

होटगी रोड

'छावा'. तेव्हाच पाहिला, पण राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितेय. राग सिनेमावर नाही. चित्रपटगृहाचं नाव घेत नाही. आवाज एवढा की माझ्या सहा वर्षांच्या मुलानं कानात बोटं घातली ती शेवटपर्यंत काढली नाहीत. एसी मध्यंतरापर्यंत चालला, मग बंद. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, थंडी आहे ना." सोलापुरात फेब्रुवारीत, थंडी!

सिनेमा? विकी कौशलनं जीव ओतलाय, अक्षय खन्नाचा औरंगजेब हळू बोलतो आणि तेवढ्यानं अंगावर काटा येतो. पण पहिला अर्धा भाग घाईघाईत उरकलाय, माणसं नीट कळायच्या आत लढाई. येसूबाईंना आणखी जागा हवी होती. रहमानचं पार्श्वसंगीत मला परकं वाटलं, नवऱ्याला आवडलं. शेवटी सगळे उठून घोषणा देत होते, मीही दिल्या. माझा मुलगा बोटं कानात ठेवूनच देत होता. सिनेमाला 7, जागेला 2. सरासरी काढणार नाही.

*

करमाळ्याकडची, आता सात रस्त्याजवळ

टीव्हीवर 'सैराट' परत लागला होता. 2016 पासून किती वेळा बघितला ते मोजणं सोडलंय. आमच्या तालुक्यात शूटिंग झालं, त्यामुळं घरात निम्मा वेळ "ए, तो रस्ता बघ" एवढंच चालतं. आर्ची बुलेटवर आली की वडील आवाज वाढवतात.

आई मात्र शेवटची दहा मिनिटं कधीच बघत नाही. थिएटरात पहिल्यांदा बघितली तेवढीच. त्यानंतर प्रत्येक वेळी, बरोबर त्या ठिकाणी, उठते आणि भांडी घासायला जाते. भांडी नसली तर घासलेलीच परत घासते. त्या शेवटाला आवाज नाही, त्यामुळं आमच्याकडं त्या वेळी फक्त मोरीतल्या भांड्यांचा आवाज असतो. गुण देत नाही.

*

(विजापूर रोडवालीच परत)

तुमचं वाचून एक लक्षात आलं. 'सैराट'मधली हैदराबादची डोसेवाली सुमनअक्का आणि 'लापता लेडीज'मधली स्टेशनवरची मंजूमाई, दोन्ही छाया कदम! दोन्हीकडं गाडा, दोन्हीकडं चुकून आलेल्या पोरीला आसरा. काकूंना सांगायला हवं होतं.

*

जुना विडी घरकुल

शेवटी आमचं. 'आता थांबायचं नाय', घरी, वडिलांबरोबर. वडील सफाई कामगार, आणखी चार वर्षं नोकरी आहे. सिनेमा मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांचा, साहेब त्यांना रात्रशाळेत बसवून दहावी करायला लावतो. मी मुद्दाम लावला. वडील सातवीत शाळा सोडलेले, म्हटलं बघू काय म्हणतात. माझ्या मनात जरा वेगळंच होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल, मग मी म्हणेन, पप्पा, तुम्हीपण फॉर्म भरा.

वडिलांनी सगळा सिनेमा खराट्याकडं बघून काढला. "असा धरला तर तासाभरात कंबर जाते." "हा नवीन दिसतोय, हातमोजे नाहीत तरी बिनधास्त हात घालतोय." भरत जाधवला मात्र पहिल्यापासून मानलं, "ह्यानं कुणाचं तरी बघितलंय." सिद्धार्थ जाधवला हसले. परीक्षेच्या भागात एकदम शांत. मी तिरक्या नजरेनं बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, तसे उठून पाणी प्यायला गेले.

माझे 8, मधे भाषणबाजी जरा जास्त झालीय. वडिलांना विचारलं तर बराच वेळ विचार करून म्हणाले, "नऊ दे."

एक कशाचा कापला?

"वास येत नाही."

फॉर्मचं मी काही बोललो नाही. पहाटे पाचची ड्युटी होती, ते झोपायला गेले.