मुलीचे हिब्रू नाव: सिनेगॉगमध्ये एक आणि घरात दुसरे, ही पद्धत आता सोडावी का?

ठाण्याची सून

शालोम. आमच्याकडे नुकतीच मुलगी जन्मली आहे आणि येत्या काही शनिवारांपैकी एका शनिवारी सिनेगॉगमध्ये (प्रार्थनागृहात) सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचताना तिचे नाव जाहीर करायचे आहे. नावांची यादी मागण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण याद्या हव्या तितक्या मिळतात. माझे एक ठाम मत आहे आणि घरातील बहुतेकांना ते मान्य नाही, म्हणून ते येथे मांडते.

बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू, घरांत मुलीला दोन नावे देण्याची रीत जुनी आहे. एक हिब्रू नाव सिनेगॉगसाठी असते, आणि दुसरे, मराठी किंवा इंग्रजी वळणाचे, शाळेसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि घरात हाक मारण्यासाठी असते. परिणाम असा होतो की हिब्रू नाव आयुष्यात मोजक्या प्रसंगी उच्चारले जाते: ते ठेवताना, केतुबा (लग्नाचा करार) लिहिताना, आजारपणात प्रार्थना करताना आणि शेवटी थडग्याच्या दगडावर. माझ्या सासूबाईंच्या आईंचे हिब्रू नाव आज आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही. त्यांना सर्व जण ज्या मराठी नावाने ओळखत, तेवढेच उरले आहे. मुलांच्या बाबतीत निदान तोरा वाचायला बोलावताना नाव घेतले जाते, आमच्याकडे मुलींच्या वाट्याला तेही येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की मुलीला एकच नाव द्यावे, ते हिब्रू असावे, आणि शाळेच्या हजेरीपटापासून सिनेगॉगपर्यंत तेच चालावे. मिसरच्या गुलामगिरीत आपल्या पूर्वजांनी आपली नावे बदलली नाहीत, म्हणून ते सुटकेस पात्र ठरले, असे जुने रब्बी सांगत आले आहेत, आणि या शिकवणीला मी फार किंमत देते.

माझी दुसरी अट अशी की नाव तनाखमधील, म्हणजे हिब्रू बायबलमधील, स्त्रीचे असावे. माझ्या मनात तीन नावे आहेत. पहिले यरुशा, योथाम राजाच्या आईचे. कामा हॉस्पिटलचे प्रमुखपद भूषवणाऱ्या आणि 1966 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्यामुळे हे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. दुसरे याएल, शत्रूचा सेनापती सिसरा याला मारणाऱ्या स्त्रीचे. तिसरे तिरसा, म्हणजे सलाफहादच्या पाच मुलींपैकी शेवटची. वडिलांना मुलगा नव्हता म्हणून त्या पाच बहिणी मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला. देवाने त्यांचे म्हणणे योग्य ठरवले. मुलीला यापेक्षा चांगला वारसा कोणता देता येईल, हे मला कळत नाही.

यजमानांना माया हे नाव आवडते, कारण ते मराठीत चालते आणि इस्राएलमध्येही लोकप्रिय आहे. परंतु तनाखमध्ये ते कोठेही येत नाही. नणंदेने शिरा सुचवले आहे. आपणा सर्वांचे मत हवे आहे, विरोधी असले तरी चालेल.

अश्दोदवासी

अभिनंदन, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असोत. माझा विरोध एका नावाला नाही, तुमच्या दुसऱ्या अटीला आहे.

तुम्ही हिब्रूला केवळ तनाखची भाषा मानत आहात. येथे इस्राएलमध्ये ती भाजी बाजारात, बसमध्ये आणि दवाखान्यात बोलली जाते, आणि तिच्यात नावेही रोज नवी घडतात. ज्या नावाचा तुम्हाला इतका अभिमान आहे, त्या यरुशाचेच पाहा. येथील माणसाच्या कानावर तो शब्द पडला की त्याला आधी वारसाहक्काने मिळणारी मालमत्ताच आठवते, कारण आजच्या हिब्रूत त्या उच्चाराचा शब्द वकिलाच्या कार्यालयात आणि मृत्युपत्रात रोज वापरला जातो. डॉक्टर झिराड यांच्याविषयी मलाही आदर आहे, पण त्यांचे नाव मुंबईत घेतले जात होते. तुमची मुलगी उद्या शिक्षणासाठी किंवा लग्न करून येथे आली, तर तिला प्रत्येक वेळी त्या राजमातेची गोष्ट सांगत बसावे लागेल.

तिरसाबद्दलही सांगते. येथे ते नाव आजींच्या पिढीचे वाटते, ते काही वाईट नाही. पण ठाण्याच्या शाळेत त्याच्यापुढे ‘तिरसट’ जोडायला मुलांना एक दिवसही लागणार नाही. त्याच पाच बहिणींपैकी नोआ का नको? गोष्ट तीच, हक्क मागणारी स्त्री तीच, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात इस्राएलमध्ये मुलींसाठी सर्वांत जास्त ठेवले गेलेले नाव तेच होते. तुमच्या दोन्ही अटी त्यात पूर्ण होतात.

आणखी एक. तनाखमधील किती तरी नावे मुळात झाडांची आणि प्राण्यांची आहेत: तामार म्हणजे खजुरीचे झाड, दबोरा म्हणजे मधमाशी, राहेल म्हणजे मेंढी, सिप्पोरा म्हणजे पक्षी, आणि तुमची याएल म्हणजे डोंगरी रानबकरी. त्या काळच्या आईबापांनी आपल्या भोवतालचे जग पाहून नावे ठेवली. आजचे आईबाप अयाला, इलाना, वेरेद, नुरीत अशी नावे ठेवतात, तेव्हा ते तेच करत असतात. मग त्यांची नावे कमी हिब्रू कशी?

पुण्याचे काका

ताई, तुमची तळमळ मला समजते. तरीही दोन नावांच्या पद्धतीला तुम्ही जी निष्काळजी म्हणून पाहता, ती निष्काळजी नव्हती, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.

मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग 1796 साली ज्यांनी बांधले, ते शमुवेल इझिकेल दिवेकर सामाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात. त्यांच्या धर्मनिष्ठेवर कोणी शंका घेईल का? कोकणात शेकडो वर्षे आपण शनिवार तेली म्हणून राहिलो, शनिवारी घाणा बंद ठेवला, सुंता सोडली नाही, ‘शेमा’ ही प्रार्थना विसरलो नाही, आणि त्याच वेळी गावाने दिलेली नावे आणि गावावरून आलेली पेणकर, रोहेकर, झिराडकर ही आडनावेही आनंदाने वागवली. यात लपवाछपवी नव्हती, शेजाऱ्यांशी जोडलेले नाते होते. आपल्या आजी-पणज्यांची मराठी नावे ही त्यांनी या मातीशी केलेल्या संसाराची खूण आहे. ती पुसून टाकण्याची घाई का?

आणि पारसच्या राजाची राणी झालेल्या एस्तेरचे काय? तिच्या ग्रंथातच स्पष्ट लिहिले आहे की तिचे नाव हदास्सा होते. एस्तेर हे नाव मुळात हिब्रू नाही असे अनेक अभ्यासक मानतात, कोणी ते पारशी भाषेतील तारा या शब्दाशी जोडतात, तर कोणी इश्तार देवीच्या नावाशी. दोन नावे असलेल्या त्याच स्त्रीने आपल्या लोकांचे प्राण वाचवले, आणि आपण पुरीमच्या सणाला तिचा ग्रंथ ज्या नावाने वाचतो ते परक्या भाषेतील नाव आहे. तुमचा नियम लावला तर एस्तेरला तनाखमध्ये जागा मिळणार नाही.

सासूबाईंच्या आईंचे नाव विसरले गेले, हे दुःखद आहे. पण त्यावरचा उपाय दुसरे नाव काढून टाकणे हा नसून पहिले नाव लिहून ठेवणे हा आहे. आमच्या घरी मलिद्याच्या, म्हणजे आपल्या आभारविधीच्या, वेळी घरातील सर्वांची हिब्रू नावे, आईच्या नावासह, मोठ्याने वाचतात. वही साधी आहे, पण गेल्या चार पिढ्यांतील एकही स्त्री तिच्यातून सुटलेली नाही.

नगरची वाचक

मी मराठी ख्रिस्ती आहे. हा प्रश्न तुमच्या समाजाचा असला तरी रूथ, हन्ना, शोशन्ना, मिर्याम ही नावे आमच्याही घरांत पिढ्यान् पिढ्या आहेत, म्हणून एका व्यावहारिक अडचणीकडे लक्ष वेधते.

हिब्रू नावे महाराष्ट्रात दोन वाटांनी आली. मराठी बायबलमधून राहेल, दबोरा, रिबका आली. इंग्रजीतून रेचेल, डेबोरा, रेबेका आली. एकाच घरात आजी राहेल आणि नात रेचेल असे घडते आणि त्यांचे नाव एकच आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही एकच नाव ठेवण्याचा आग्रह धरता, पण जन्मदाखल्यावर, आधार कार्डावर आणि पारपत्रावर ते तीन प्रकारे लिहिले गेले तर एक नाव उरतच नाही. नोआचेच घ्या. मराठी वाचक ते जहाज बांधणाऱ्या नोहाचे नाव समजतील, मुलाचे समजतील. हिब्रूत ही दोन नावे वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, त्यामुळे तेथे घोटाळा होत नाही. देवनागरीत मात्र एका हकाराचा फरक राहतो. लिया हे नाव हल्ली आवडते, पण ती याकोबाची पत्नी लेआ आहे की नव्या घडणीचे लिया, हे हिब्रू अक्षरे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नाव कोणतेही ठेवा, आधी हिब्रू अक्षरे पक्की करा आणि मग देवनागरी व रोमन अक्षरांतील रूप एकदाच ठरवून सर्व कागदांवर तेच लिहा.

आता मताचे बोलायचे, तर मी काकांच्या बाजूची आहे. पंडिता रमाबाई हिब्रू शिकल्या आणि मूळ भाषांवरून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या मुलीला जग मनोरमा म्हणूनच ओळखत राहिले. श्रद्धा दाखवण्यासाठी नाव परक्या भाषेचेच हवे, असे त्यांना वाटले नाही.

दिमोनाचा नातू

येथे इस्राएलमध्ये जन्मलेल्या बेने इस्राएल पिढीतर्फे मला थोडे वेगळे आणि कदाचित कटू वाटणारे सांगायचे आहे.

हिब्रू नाव स्वतः निवडणे आणि ते आपल्यावर लादले जाणे, यांत मोठे अंतर आहे. 1980 आणि 1990 च्या दशकांत इथिओपियातून आलेल्या मुलांना या देशात पोहोचताच नवी हिब्रू नावे देण्यात आली. आता त्यांच्यापैकी अनेक जण मोठेपणी आपली अम्हारिक नावे परत घेत आहेत, कारण ती नावे आईवडिलांनी अर्थ लावून, एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून ठेवलेली होती. आपल्या लोकांच्याही बाबतीत 1960 च्या दशकात लग्नाच्या परवानगीसाठी रब्बींनी पूर्वजांची चौकशी सुरू केली होती आणि आपल्या आजी-आजोबांना आपण पुरेसे ज्यू आहोत हे सिद्ध करण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. 1964 साली तो प्रश्न सुटला. मात्र ‘पुरेसे हिब्रू’ दिसण्याची धडपड त्यानंतरही कित्येक घरांत राहिली, आणि नावे बदलणे हा तिचाच भाग होता. माझ्या आजीने मुलांना मराठी नावाने हाक मारणे शेजाऱ्यांसमोर टाळले, हे मला आजही लागते.

म्हणून ठाण्यात बसून कोणी आपणहून मराठी नाव बंद करण्याची गोष्ट करतो, तेव्हा मला वाईट वाटते. मायाला विरोध कशासाठी? दोन्ही भाषांत तोंडात बसणारे, दोन्हीकडच्या आजींना न अडखळता हाक मारता येईल असे ते नाव आहे. रीनाही तसेच आहे. ते शुद्ध हिब्रू आहे, स्तोत्रांत आनंदघोषासाठी तोच शब्द येतो, आणि मराठी घरात कोणालाही ते परके वाटत नाही. शिरा मात्र ठेवू नका. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलीला त्या नावाचा त्रास होईल.

ठाण्याची सून

सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. उत्तरे देते.

यरुशा मी मागे घेते. आजच्या हिब्रूत ते कसे ऐकू येते, हे अश्दोदच्या ताईंनी सांगितलेले कारण मला पटले. नोआविषयी नगरच्या ताईंची अडचण खरी आहे आणि अक्षरे आधी पक्की करण्याचा त्यांचा सल्ला मी पाळणार आहे. मात्र रमाबाईंचे उदाहरण येथे लागू पडते असे मला वाटत नाही. मनोरमा हे नाव धर्मांतरापूर्वीचे होते आणि हिब्रू ही त्यांनी कष्टाने शिकलेली भाषा होती. आमच्यासाठी ती प्रार्थनेची आणि पूर्वजांची भाषा आहे.

काका, एस्तेरचा मुद्दा मोठा आहे. पण तिला आपली ओळख लपवावी लागली ती परक्या राजवाड्यात. ठाण्यात माझ्या मुलीला कोणापासून लपायचे आहे? महाराष्ट्र शासनाने 2016 साली आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. शेजारी आपल्याला सणाला बोलावतात आणि आपणही त्यांच्याकडे जातो. येथे आपल्याला कोणी त्रास दिला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. मग या भूमीवर पूर्ण हिब्रू नाव उघडपणे वागवणे हाच तिच्यावरचा विश्वास नव्हे का?

दिमोनाच्या दादांना एवढेच सांगते की लादलेल्या नावाची वेदना मी नाकारत नाही. येथे लादणारे कोणी नाही, ही निवड माझी आहे. आडनाव कोकणातल्या गावाचेच राहणार आहे, घरात भाषा मराठीच राहणार आहे आणि पाळणाही मराठीतच गायला जाईल. रीना यजमानांपुढे ठेवीन, पण माझे मन याएलकडेच ओढले जाते.

पुण्याचे काका

विश्वासाबद्दल आपण लिहिले ते मान्य. तरी याएलविषयी एकदा शांतपणे विचार करावा. थकून आश्रयाला आलेल्या सिसराला तिने दूध पाजले, पांघरूण घातले आणि झोपेत त्याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली. दबोराच्या गीतात तिची स्तुती आहे हे मी जाणतो. पण लढाईतील एका भयंकर प्रसंगाचे ओझे तान्ह्या मुलीच्या नावावर कशाला?

अश्दोदवासी

काका, येथे माझ्या मुलीच्या वर्गात तीन याएल आहेत. नाव घेताना कोणाच्याही मनात मेख येत नाही, डोंगरावरच्या कड्यांवरून उड्या मारणारी ती चपळ रानबकरी येते. मृत समुद्राजवळच्या एन गेदीला गेलात तर त्यांचे कळप प्रत्यक्ष पाहता येतात. ताई, हिब्रू अक्षरे योद, आयिन, लामेद अशी तीनच आहेत, आणि देवनागरीत ‘याएल’च लिहा, ‘येल’ लिहू नका. नाव जाहीर होताना तुमचेही हिब्रू नाव यजमानांच्या नावासोबत घ्यायला सांगा. काही ठिकाणी केवळ वडिलांचे घेतात, पण आजारपणातली प्रार्थना आईच्या नावाने होते आणि ते नाव पहिल्या दिवसापासून मुलीच्या नावाशी जोडलेले असावे, हे काकांनाही मान्य होईल.

पुण्याचे काका

आईच्या नावाबद्दल पूर्ण सहमत. याएलबद्दल अजून नाही, आणि घरात हाक मारायला एखादे मराठी नाव असू द्यावे, हा माझा आग्रहही कायम आहे.