श्टुटगार्टमध्ये इंटर्नशिप: एकदा 'नको' म्हटलं आणि परत कुणी विचारलंच नाही

पंचगंगा
मी इचलकरंजीची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथे जर्मनीत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मे ते जुलै अशी बारा आठवड्यांची इंटर्नशिप आहे, त्यातले तीन संपले. कामाबद्दल तक्रार नाही. तक्रार कशाबद्दल आहे हेच नीट सांगता येत नाहीये.

दुसऱ्याच दिवशी साडेअकराला (जेवायची वेळ हीच!) शेजारच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं, मेन्सात येतेस का? मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खानावळ. माझ्याकडे डबा होता, आणि पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं नसतं असंच आपण शिकलेलो. म्हटलं, नको. तो 'ओके' म्हणून गेला. तेव्हापासून रोज सगळे 'मालत्साइट' (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हणत माझ्या दारावरून जातात आणि मी एकटी डबा खाते.

गेल्या रविवारी दुपारी मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी केली, तर संध्याकाळी खालच्या आजींची चिठ्ठी दाराला. त्याच दाराला 'केहरवोखे' लिहिलेली पाटीही कुणीतरी अडकवून ठेवलीय. रात्री साडेनऊला बाहेर उजेड असतो, पण घरी एक वाजलेला, आईला उठवायचं तरी कसं? इथे राहून गेलेल्या कुणी सांगाल का, माझं काय चुकतंय?

नेकारकाठ
तू म्हणते चालेल ना? मी २०१४ मध्ये श्टुटगार्टमध्येच सहा महिने होते.

आधी डब्याचं. त्या मुलानं तुला टाळलेलं नाही. तू नको म्हणालीस, त्यानं तुझा शब्द मानला. इथे आग्रह करणं म्हणजे समोरच्याचा निर्णय न ऐकणं. आपल्याकडे तिसऱ्यांदा वाढल्यावर पोळी घेतात, इथे वाढणारा पहिल्या नकारालाच ताट उचलतो. मला हे कळायला दोन महिने लागले आणि ते दोन महिने अजून सलतात, म्हणून एवढं लिहितेय. उद्या साडेअकराला तू स्वतः उठ आणि विचार, मी येऊ का? डबा घेऊनच जा.

दुसरं, 'आइनश्टांड' कर. नव्या माणसानं सगळ्यांसाठी खायला न्यायची पद्धत आहे. वाढदिवसाचा केकही इथे ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा असतो (आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, अशुभ मानतात). श्रीखंड ने. पाकिटावर चाळीस टक्के स्निग्धांश लिहिलेला क्वार्क (चक्क्यासारखं मऊ, ताजं चीज) आण, त्यात पिठीसाखर आणि वेलची. चक्का करायची गरजच नाही. शेजारी चिठ्ठीवर घटक लिही, कुणाला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असते.

केहरवोखे म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमच्या घराची. झालं की पाटी पुढच्या दारावर अडकव. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, याला फार मान आहे. आजींकडे मात्र चिठ्ठी लिहू नकोस, समक्ष जा. रविवारी मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम काही नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी कचरापेटीत टाकत नाहीत, आवाज होतो म्हणून.

भाकरवाडी_७
एक विचारतो, टपालपेटीवर तुझं नाव आहे का? इथे पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, नाव बघतो. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं होतं. घरमालकाला विचारून आजच कागद चिकटव.

सह्याद्री_ड्रेस्डेन
नेकारकाठ यांचं पटतं, तरी एक सांगतो. बारा आठवड्यांत जिवाभावाची मैत्री झाली नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. इथली माणसं वेळ घेतात. जुलैत तिथे भारतीय चित्रपट महोत्सव असतो, प्रयोगशाळेतल्या कुणा दोघांना घेऊन जा. मुंबई १९६८ पासून श्टुटगार्टचं भगिनी शहर आहे, गप्पांना तेवढं निमित्त पुरतं.

पंचगंगा
ताई, म्हणा की तू.

टपालपेटीवर नाव नव्हतंच! लावलं. आजींकडे गेले होते. मिक्सरचं दोन मिनिटांत संपलं, मग अर्धा तास त्यांनी जिना कसा पुसायचा ते दाखवलं. वरून खाली यायचं, कोपरे फडक्यानं हातानं.

आणि काल मेन्सात गेले. तो मुलगा म्हणाला, तुला एकटीनं खायला आवडतं असं वाटलं होतं. ताटात 'लिन्झन मिट श्पेत्सले' घेतलं, सॉसेज वगळून. मसूर आणि जाड शेवयांसारखं काहीतरी, वर व्हिनेगर. आमच्याकडच्या धाब्यावरच्या अख्ख्या मसूरची इतकी आठवण आली की तो कसा करतात ते त्यांना सगळं सांगत बसले. शुक्रवारी आमच्या स्वयंपाकघरात चौघं येणार आहेत. अख्खे मसूर तुर्की दुकानात मिळतील ना? आणि कांदा-लसूण मसाल्याची फोडणी देताना धुराचा अलार्म वाजू नये म्हणून काय करता तुम्ही?

नेकारकाठ
मिळतील. खिडकी सताड उघड, स्वयंपाकघराचं दार लाव, मसाला तेलात न टाकता पाण्यात कालवून घाल. आणि शुक्रवारी दहाच्या आत आवरा, आजी खालीच आहेत.