मुलांनी रचलेली लेव्हल मोठ्यांच्या तपासणीविना खुली करावी का?

धागाकर्ता, मालवण
आम्ही काही जण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक ऑनलाइन खेळ रचत आहोत. तट, बुरूज, खडक आणि भरती-ओहोटी मांडून मुलांनी स्वतःचा जलदुर्ग उभारावा आणि इतरांनी त्यात शिरण्याची वाट शोधावी, अशी कल्पना आहे. तयार झालेली लेव्हल ताबडतोब सर्वांना खुली व्हावी, असे माझे मत आहे. अट एवढीच, की रचणाऱ्याने ती आधी स्वतः पार केलेली असावी. २०१५ साली आलेल्या ‘सुपर मारिओ मेकर’ या लेव्हल रचण्याच्या व्हिडिओ खेळात हाच नियम होता. मोठ्यांच्या मंजुरीसाठी दोन दिवस थांबावे लागले, तर मुलाचा त्यातला रस संपतो.

प्रतिसाद, रत्नागिरी
मी असहमत आहे. स्वतः पार केल्याने लेव्हल सुटते एवढेच सिद्ध होते, ती इतर मुलांना दाखवण्याजोगी आहे हे नव्हे. तुम्ही लिहिण्याची सोय काढून टाकलीत, तरी चिऱ्यांच्या ओळी मांडून शिवी लिहिता येते, एखाद्या वर्गमित्राचे नाव लिहून त्याची टिंगल करता येते, आणि शब्द गाळणाऱ्या यंत्रणेला त्यात केवळ भिंत दिसते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालकच ठरतो. त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. खाते उघडण्याची पद्धत तुम्ही अजून सांगितलेलीच नाही.

धागाकर्ता, मालवण
नाव, छायाचित्र, फोन क्रमांक काहीही घेणार नाही. दुर्गाचे नावही तयार शब्दांच्या यादीतूनच निवडायचे आहे. चिऱ्यांनी लिहिलेल्या शिवीसाठी तक्रारीचे बटण ठेवू आणि तक्रार येताच ती लेव्हल झाकू.

प्रतिसाद, गुहागर
मी प्राथमिक शाळेत शिकवते. तुम्हा दोघांच्या वादात खेळाचाच एक दोष सुटून जातो आहे. रचणाऱ्याला चोरवाट ठाऊक असते, त्यामुळे त्याने ती पार केली याला फारसा अर्थ नाही. मुरुडचा जंजिरा पाहिलेल्यांना हे सहज पटेल: होडी अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही, पण आतल्या माणसाला तो कुठे आहे हे शोधावे लागत नाही. त्यातून तुमच्या खेळात पाणी चढते-उतरते. खऱ्या समुद्रात भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. तुम्ही ते काही मिनिटांवर आणाल. मुलाने ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून उड्या मारत दुर्ग गाठला, लेव्हल खुली झाली आणि दुसरे मूल नेमके भरतीला आले, तर त्याच्यापुढे नुसते पाणी. तेव्हा दोन्ही वेळी पार केल्याशिवाय ती खुली करू नये, किंवा प्रत्येक खेळाडूसाठी पाणी एकाच पातळीपासून सुरू करावे. मला दुसरा उपाय कमी आवडतो, कारण मग भरतीची वाट पाहण्याचे शहाणपण खेळातून निघून जाईल.

मंजुरीविषयी म्हणाल, तर दिवाळीत अंगणात केलेला किल्ला आधी वाडीतली मंडळी पाहतात. लेव्हलही प्रथम वर्गापुरती, शिक्षकांनी दिलेल्या सांकेतिक क्रमांकाने उघडावी.

धागाकर्ता, मालवण
भरतीचा मुद्दा बिनशर्त मान्य. दोन्ही वेळची चाचणी घालतो. वर्गापुरत्या टप्प्याला मात्र माझी हरकत आहे. शाळा सुटली, मे महिना लागला, की शिक्षक नाहीत आणि क्रमांकही नाही. आणि मुले सर्वाधिक खेळणार ती तेव्हाच.

प्रतिसाद, रत्नागिरी
मे महिन्याचाच दाखला घेतलात, म्हणून विचारतो. रात्री दहा वाजता कुणी तक्रारीचे बटण दाबले, तर पलीकडे कोण बसलेले असेल? तक्रार येताच लेव्हल आपोआप झाकली जाणार असेल, तर रुसलेले एखादे मूल दुसऱ्याचा चांगला दुर्गही तक्रार करून झाकून टाकेल. आणि ती माणसाने पाहिल्यावरच झाकायची असेल, तर तो माणूस आधीच का नेमू नये? सुट्टीत क्रमांक पालकांनी द्यावा. संमतीसाठी त्यांच्यापर्यंत बहुधा जावे लागणारच आहे.