जुन्या कपड्यांतून मुलांची पिशवी: आपापले अनुभव लिहा

मुलीच्या बाबांची गुडघ्यांवर विरलेली जीन्स बेतून मी तिच्यासाठी पाठीवर घ्यायची पिशवी शिवली. दिसायला ती छान झाली, पण आठव्याच दिवशी एक पट्टा मुळापासून निघून तिच्या हातात आला. नीट पाहिले तेव्हा टीप शाबूत होती आणि टिपेभोवतीचे कापडच फाटले होते. पट्टा मी नेमका जीन्सच्या बसण्याच्या भागावर, म्हणजे कापड सर्वांत जास्त झिजलेल्या जागी जोडला होता. नव्या कापडाच्या पिशवीची कृती कुठेही मिळते. जुने कापड कुठे दगा देते, हे मात्र ते शिवून पाहिलेल्यांनाच ठाऊक असते. ज्यांनी असा खटाटोप केला आहे त्यांनी आपले अनुभव लिहावेत, आणि फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहावेत.

०००

ताई, तुमच्यासारखीच एक पिशवी वाया गेल्यानंतर मी बेतण्यापूर्वी कापड उजेडासमोर धरून पाहू लागले. जिथून उजेड जास्त झिरपतो तिथे खडूने फुली मारायची आणि तो भाग एक तर सोडून द्यायचा, नाही तर जिथे ओढ पडत नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ आतल्या कप्प्यासाठी, वापरायचा. जीन्समध्ये पोटरीवरचे कापड चांगले टिकलेले असते. मागचे खिसे उसवले की त्यांच्याखाली गडद निळा, जवळजवळ नवा चौकोन सापडतो, कारण त्याला इतकी वर्षे ना ऊन लागलेले असते ना घर्षण. पट्ट्याच्या मुळाशी आतून लावायच्या ठिगळासाठी मी हाच चौकोन राखून ठेवते. कंबरपट्टी तर आधीच दुहेरी असते, त्यामुळे वर पकडायची मूठ तिचीच करावी.

पट्टा जोडताना एकच आडवी टीप पुरत नाही. पट्ट्याचे टोक कापड आणि ठिगळ यांच्यावर ठेवून साधारण ४ सेंटिमीटरचा चौकोन शिवावा आणि त्याच्या आत फुली घालावी, म्हणजे ओढ एकाच रेषेवर न पडता सगळ्या चौकोनात वाटली जाते. मजबुतीच्या हौसेने टाका मात्र बारीक करू नये. जुन्या कापडात जवळजवळ पडलेली सुईची भोकेच फाटण्याची रेघ आखून देतात, त्यामुळे ३ ते ३.५ मिलिमीटरचा टाका मला योग्य वाटतो.

०००

जीन्सच्या बाजूच्या दुमडलेल्या शिवणीवर माझ्या यंत्राची सुई दोनदा मोडली. नंतर १६ नंबरची सुई लावली, जाड जागा लाकडी पाटावर ठेवून हातोडीने ठोकून चपटी केली आणि तिथून जाताना पायाने यंत्र चालवणे सोडून चाक हाताने फिरवले. यंत्राचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, पुढून उचलला जाऊन तिरका होत असेल, तर त्याच्या मागच्या बाजूखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी. तो सपाट होतो आणि टाके सुटत नाहीत. हातोडीचा आवाज ऐकून घरच्यांनी मी नेमके काय शिवत आहे अशी चौकशी केली, ते वेगळे.

०००

माझा प्रयोग साफ फसला. मुलाच्या आवडत्या टी-शर्टचे चित्र वाया जाऊ नये म्हणून अख्खी पिशवी त्याच टी-शर्टची केली. विणीचे कापड ताणले जाते हे माहीत असूनही मी अस्तर टाळले, आणि दोन पुस्तके व पाण्याची बाटली ठेवताच पिशवी त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबू लागली. पुढच्या वेळी चित्राचा भाग तेवढा कापला, त्याच्या मागे इस्त्रीने चिकटणारे बक्रम, म्हणजे कापड ताठ ठेवणारा थर, लावले आणि तो तुकडा जुन्या सुती पँटच्या कापडावर चारही बाजूंनी शिवला. ती पिशवी अजून वापरात आहे.

०००

वजनाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावे असे साधारणपणे सांगितले जाते. म्हणजे २० किलोच्या मुलीने फार तर २ किलो उचलावेत. मी जीन्सचे दोन थर, मध्ये स्पंज आणि चार कप्पे अशी भक्कम पिशवी हातशिलाईने, उलट टिपेने, तीन आठवडे खपून शिवली. ती रिकामीच ९०० ग्रॅम भरली! मग दोन कप्पे उसवले आणि आतला जीन्सचा थर काढून तिथे शर्टचे पातळ कापड लावले. उसवताना फार जिवावर आले.

०००

अस्तरासाठी जुना लाल कुर्ता घेणार असाल, तर त्याचा ओला कोपरा आधी पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. मी पाहिले नाही. मुलाच्या चित्रकलेच्या वहीची पाने गुलाबी झाली.

०००

तीन वर्षांच्या भाचीसाठी नाडीची पिशवी शिवली होती, पण ती नाडी गळ्यात घालून खेळताना दिसली तेव्हा त्याच दिवशी नाडी काढून टाकली आणि तोंडाला वेल्क्रो लावले. इतक्या लहान मुलांसाठी शोभेची बटणेही नकोत, कारण ती तुटली की थेट तोंडात जातात.

०००

माझ्या वडिलांचा चौकटीचा शर्ट मी बरीच वर्षे जपून ठेवला होता. मुलासाठी त्याची पिशवी शिवताना बटणांची पट्टी तशीच पुढे ठेवली आणि छातीवरचा खिसा न उसवता बाहेरच्या बाजूला येईल असे बेतले. हा आजोबांचा शर्ट, असे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली, बटणे उघडून पाहिली आणि खिशात पेन्सिल उभी राहते का, याची तीनदा खात्री करून घेतली. खिशाच्या तळाशी शाईचा जुना डाग आहे. तो धुऊन निघत नाही, आणि मीही फार प्रयत्न केलेला नाही.