चांगुलपणाला देवाचे अधिष्ठान लागते का? ख्रिस्ती नीतिविचारावर चर्चा

गव्हाचा दाणा (धागाकर्ता)

माझी आई एका मिशन रुग्णालयात परिचारिका होती आणि कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात तिने आयुष्याची बरीच वर्षे काढली. मी आठ-नऊ वर्षांचा असताना शाळा सुटल्यावर एकदा तिला शोधत तिथे गेलो, तेव्हा ती जमिनीवर बसून एका म्हाताऱ्या रुग्णाचा पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात धरून होती. पाय पुरेसा भिजल्यावर टाचेभोवतीची मेलेली कातडी तिने हलक्या हाताने खरवडून काढली, जखमेवर पट्टी बांधली आणि बाकीच्या तळव्याला तेल चोळले. मला तो वास सहन होत नव्हता. घरी येताना मी विचारले की हे तूच का करायचे, तर ती म्हणाली, "त्यांना पायाला काय झालंय ते कळत नाही, म्हणून आपण बघायचं."

या ‘बघायचं’मधले बंधन कुठून येते, हा माझा प्रश्न आहे. मराठीत ‘करायचे’, ‘वागायचे’ असे म्हणताना हे कोणी सांगितले, ते बोलावे लागत नाही. आज्ञा उरते आणि आज्ञा देणारा वाक्यातून नाहीसा होतो. एलिझाबेथ अॅन्स्कम या तत्त्वज्ञ स्त्रीने 1958 साली एका निबंधात नेमके यावरच बोट ठेवले होते. त्यांचे म्हणणे असे की, नैतिक अर्थाने ‘केलेच पाहिजे’ ही भाषा ईश्वरी कायद्याच्या कल्पनेतून आली, आणि ती कल्पना सोडून दिल्यावरही आपण तीच भाषा वापरत राहिलो. फौजदारी कायदा आणि न्यायालये रद्द झाल्यावरही ‘गुन्हेगार’ हा शब्द तेवढा मागे उरावा, तसे हे झाले. मला हे पटते. मला दया का येते याचे उत्तर जीवशास्त्र देईल, पण दया न आलेल्या दिवशीही मी बांधलेला का असतो, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा त्याचे उत्तर असे देते की, मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे (बायबल, उत्पत्ती 1:27) आणि स्वतः देवच प्रीती आहे (1 योहान 4:8). इथे त्रैक्याची शिकवण महत्त्वाची ठरते, कारण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यातले प्रेम सृष्टीच्या आधीपासून आहे. चांगले काय हे देवाने एखाद्या दिवशी ठरवून टाकलेले नाही. नास्तिक माणूस नीतिमान असू शकत नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्यांच्याजवळ नियमशास्त्र (मोशेचे धर्मनियम) नाही त्यांच्याही अंतःकरणात ते लिहिलेले असते, असे प्रेषित पौलानेच रोमकरांस लिहिले आहे. प्रश्न नीतीच्या ज्ञानाचा नसून नीतीच्या पायाचा आहे.

सुधारकपंथी

आपल्या आईंविषयी मनापासून आदर वाटतो, म्हणूनच त्यांचे वाक्य पुन्हा वाचावे अशी विनंती करतो. त्या वाक्यात देव कुठेही नाही. ‘त्यांना कळत नाही’ हे एका माणसाच्या शरीराविषयीचे सत्य आहे आणि ‘म्हणून’ या शब्दाने त्यांनी त्यावरून थेट कर्तव्य काढले आहे. संवेदना गेलेल्या पायाची जखम दुखत नाही, म्हणूनच ती चिघळते, आणि ज्याला ती दिसते त्याच्यावर जबाबदारी येते. यात काय अपुरे राहिले की त्याखाली आणखी एक पाया घालावा लागावा?

आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला, सनातन्यांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली आणि 1895 साली, चाळिशीच्या आतच ते गेले. देवावर भिस्त न ठेवता त्यांनी हे सगळे केले. नास्तिकही नीतिमान असतो हे आपण मान्य केलेच आहे, पण माझा दावा त्याहून मोठा आहे: आगरकरांच्या नीतीला पाया होता, आणि तो माणसाच्या दुःखाचा व माणसाच्या बुद्धीचा होता.

दुसरा मुद्दा जुना आहे, पण टाळता येणारा नाही. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो की, पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय आहे म्हणून पवित्र ठरते? पहिले खरे असेल तर चांगुलपणा देवाच्या आधीचा ठरतो. दुसरे खरे असेल तर उद्या देवाला क्रौर्य आवडले तर तेही पवित्र होईल. ‘देव स्वभावतःच प्रीती आहे’ या उत्तराने प्रश्न एक पायरी मागे सरकतो, इतकेच. प्रीती चांगली आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक होते, म्हणून देव प्रीती आहे हे ऐकून तुम्हाला आनंद झाला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1785 साली लिहिले आहे की, शुभवर्तमानातल्या त्या पवित्र पुरुषालाही आपण आपल्या मनातल्या नैतिक पूर्णत्वाशी ताडून पाहतो आणि मगच त्याला पवित्र म्हणून ओळखतो.

गव्हाचा दाणा

कांटचे वाक्य ओळखण्याविषयी आहे, असण्याविषयी नाही. विहिरीचे पाणी हजारो वर्षे माणूस पीत आला. ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले आहे हे फार उशिरा कळले, पण कळण्याआधीही ते त्यांचेच बनलेले होते. रॉबर्ट अॅडम्स या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने चांगुलपणाविषयी अशीच मांडणी केली आहे. चांगले म्हणजे देवासारखे, आणि कर्तव्य म्हणजे प्रेमळ देवाची आज्ञा. चांगुलपणा आपण आधी ओळखतो, त्याचे स्वरूप काय हे नंतर समजते. माझ्या आईने तहान लागल्यावर पाणी दिले. पाणी कशाचे बनलेले आहे हे तिने मुलाला सांगितले नाही, इतकाच त्या वाक्याचा अर्थ आहे. शिवाय तिने ‘म्हणून’ म्हटले खरे, पण एखाद्याच्या असहायतेचा फायदा घेणाराही त्याच सत्यावरून ‘म्हणून’ म्हणतो आणि उलट दिशेला जातो. ‘त्याला कळत नाही, म्हणून त्याची जमीन लिहून घ्यावी’ हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

सुधारकपंथी

जमिनीचे उदाहरण बोचणारे आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ तयार नाही. पण पाण्याची उपमा मला पटत नाही. पाण्याची घटना प्रयोगशाळेत तपासता येते. देवाचा स्वभाव कोणता, हे तपासण्याचे साधन शेवटी आपली विवेकबुद्धीच असते. मापाची उपमाही काही जण देतात: 1889 ते 1960 पर्यंत पॅरिसजवळ ठेवलेली एक धातूची पट्टी म्हणजेच मीटर होता, तसा देव हाच चांगुलपणाचा मानदंड. पण ती पट्टी बोटभर लांब असती तर तेवढाच मीटर झाला असता, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसती. चांगुलपणाच्या बाबतीत मात्र आपण तक्रार करतो.

मोरियाच्या डोंगरावरचा प्रसंग (उत्पत्ती 22) घ्या. देव अब्राहामाला त्याच्या मुलाचा होम करायला सांगतो. अब्राहाम पहाटे उठतो, लाकडे फोडतो, तिसऱ्या दिवशी ती इसहाकाच्याच खांद्यावर देतो, आणि होमासाठी कोकरू कुठे आहे असे तो मुलगा वाटेत विचारतो. दूताने हात अडवला हे खरे, पण सुरी उचलली गेली होती आणि त्यासाठीच अब्राहामाची स्तुती झाली. आज्ञा हेच कर्तव्य असेल, तर ती सुरी उचलणे हे त्याचे कर्तव्यच होते. आपण हे मान्य कराल का?

वसईकर

दोघेही कर्तव्याला आज्ञेच्याच चौकटीत पाहत आहेत आणि माझ्या मते वाद तिथेच अडकला आहे. कॅथलिक परंपरेत, विशेषतः तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या विचारात, नैतिक नियम हा बाहेरून आलेला हुकूम नसतो. देवाने माणूस घडवला तो विशिष्ट स्वरूपाचा. जगणे, मुलांना वाढवणे, सत्य जाणणे आणि समाजात राहणे याकडे त्याचा स्वाभाविक ओढा आहे, आणि बुद्धी त्यातून हित ओळखते. म्हणून आगरकरांना नीती कळली यात मला काही कोडे वाटत नाही. चौदाव्या शतकात विल्यम ऑफ ऑकमने मात्र देवाच्या इच्छेवर इतका भर दिला की, देवाने तशी आज्ञा केली असती तर चोरीही पुण्याची ठरली असती, असे त्याला म्हणावे लागले. सॉक्रेटिसचा प्रश्न ऑकमला जितका लागतो तितका थॉमसला लागत नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की, इसहाकाच्या बाबतीत थॉमसचे उत्तर मला समाधान देत नाही. जीवन आणि मरण यांचा स्वामी देवच असल्यामुळे त्याच्या आज्ञेने केलेला वध हा खून ठरत नाही, असे तो म्हणतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे ऐकले तेव्हाही मला त्या मुलाचाच प्रश्न ऐकू येत राहिला.

मुळामुठा

चर्चा ग्रंथांतच राहिली आहे, म्हणून इतिहासातील दोन गोष्टी मांडते.

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ज्यांच्या छत्राखाली त्या राहत होत्या, त्या अँग्लिकन भगिनींशीच त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. त्रैक्यासारखी शिकवण चर्च सांगते म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही आणि आपली विवेकबुद्धीही कोणाच्या हवाली केली नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या 1857 च्या धर्मसभेने, काही गोऱ्या सभासदांच्या ‘दुर्बलतेमुळे’ कृष्णवर्णीय ख्रिस्ती बांधवांनी वेगळी उपासना करण्यास मुभा दिली. पुढे त्या सवलतीचे धोरण झाले, वर्णभेदाला बाबेलच्या बुरुजाच्या कथेचा (देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवले, त्या कथेचा) आधार देण्यात आला, आणि 1982 साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचे ईश्वरशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले. धागाकर्त्यांना माझा प्रश्न असा की, मधल्या सव्वाशे वर्षांत देवाचा स्वभाव तर बदलला नव्हता. मग अधिष्ठान असूनही ते इतका काळ इतक्या श्रद्धावंतांना दिसले का नाही?

गव्हाचा दाणा

मुळामुठाताई, आपला प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. त्या लोकांना अधिष्ठान दिसले नाही, कारण त्यांना ते पाहायचे नव्हते. पण 1982 साली वापरलेला शब्द लक्षात घ्या. वर्णभेद गैरसोयीचा आहे किंवा कालबाह्य आहे असे त्यांनी म्हटले नाही. पाखंड म्हटले, म्हणजे तुम्ही ज्याची भक्ती करता तो हा देव नव्हेच, असे सांगितले. वर्णभेद करणाऱ्याला त्याच्याच उपासनेच्या जागेवरून दोषी ठरवता आले ते पाया होता म्हणूनच.

आता मोरिया. सुरी उचलणे हे कर्तव्य होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि या प्रकरणावर कितीही भाष्ये वाचली तरी ती रेटेल असे वाटत नाही. मात्र त्याच ग्रंथात चार अध्याय आधी हाच अब्राहाम देवासमोर उभा राहून, पापामुळे नाश होऊ घातलेल्या सदोम नगरासाठी रदबदली करतो. पन्नास नीतिमान असले तर नगर वाचवशील का, पंचेचाळीस असले तर, चाळीस, तीस, वीस, आणि शेवटी दहा. ‘सगळ्या जगाच्या न्यायाधीशाने न्याय करू नये काय?’ असे तो विचारतो, आणि देव त्याला गप्प करत नाही. माझी श्रद्धा त्या अध्यायावर उभी आहे.

सुधारकपंथी

तो अध्याय मलाही फार आवडतो, पण तो माझ्या बाजूचा आहे. न्याय म्हणजे काय हे अब्राहामाला देवाच्या आज्ञेवाचून माहीत नसते, तर त्याने देवाला जाब कशाच्या आधारावर विचारला असता?

गव्हाचा दाणा

त्याने जाब विचारला तो ओळखीच्या आधारावर. ‘असे करणे तुझ्यापासून दूर असो,’ हे शब्द तो दोनदा उच्चारतो. एखाद्या नियमाकडे बोट दाखवून कोणी असे बोलत नाही. ज्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे, त्याला आपण ‘हे तुला शोभत नाही’ असे म्हणतो. आई थकून एखाद्या रुग्णावर खेकसली, तर वॉर्डातला तो म्हातारा तिला हेच म्हणत असे, आणि ती काही न बोलता पुन्हा घमेल्यापाशी बसत असे.